मोतीबिंदू 'विरघळवणारे' थेंब, डोळ्यांच्या कॅप्सूल, काळा गॉगल आणि बाकी पसारा: आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये. मोतीबिंदूची सुरुवात आहे असं कळल्यावर घाबरून मी पंधरवड्यात जे जे म्हणून ऑनलाइन मागवलं त्या सगळ्या पसाऱ्याचा आहे, आणि त्यात एक डोळ्यांची तपासणी पण आहे जी सगळ्यात आधी करायला हवी होती आणि मी ती सगळ्यात शेवटी केली. लांबलंय, वेळ काढून वाचा.

गोष्ट सुरू झाली सुईपासून. वय माझं ५६, चाळिशी लागून बारा वर्षं झाली, चष्म्याशिवाय जवळचं अक्षर दिसायचं नाही. एक दिवस ह्यांच्या शर्टाचं बटण लावायला बसले, चष्मा आतल्या खोलीत, उठायचा कंटाळा, म्हटलं बघू तरी, आणि पहिल्याच झटक्यात दोरा सुईत गेला. मी काढला आणि परत ओवला. परत गेला. ह्यांना हाका मारून बोलावलं आणि तिसऱ्यांदा ओवून दाखवला. पुढचे पंधरा-वीस दिवस मी भेटेल त्याला सांगत होते की माझी चाळिशी गेली, आणि त्याचं श्रेय कशाकशाला दिलं ते विचारूच नका.

आता कळलंय की याला सेकंड साइट म्हणतात आणि ते मोतीबिंदूचंच एक लक्षण आहे. डोळ्याच्या भिंगाचा मधला गाभा कडक आणि दाट व्हायला लागला की त्याची प्रकाश वळवायची ताकद वाढते, नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं बरं दिसायला लागतं आणि लांबचं बिघडतं. काही दिवसच हं. गाभा आणखी गढूळ झाला की तेही जातं.

लांबचं माझं बिघडत होतंच, पण कबूल कोण करणार. रात्री गाडी चालवताना समोरच्या गाडीचा दिवा नुसता दिवा दिसायचा नाही, पिंजलेल्या कापसासारखी त्याला चहूबाजूंनी पिसं फुटायची. पांढरा टॉवेल मळका दिसायचा, मी तो दोनदा धुवायला टाकला होता. चष्म्याचा नंबर आठ महिन्यांत दोनदा बदलला. दुसऱ्या वेळी चष्मेवाला म्हणाला, मॅडम आता काच बदलून उपयोग नाही, आतलं भिंगच धुरकट वाटतंय, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मी काय केलं तर घरी आले आणि फोन उघडला.

पहिली ऑर्डर थेंबांची. 'ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू विरघळवा'. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा दहा आहेत आणि सगळ्यांचा मजकूर एकच आहे. बाटली सुंदर, ड्रॉपर चांगला, डोळ्यात चुरचुरत नाही, पॅकिंगला पाच स्टार. कामाला शून्य. दिवसातून दोनदा, चार महिने, एक दिवस न चुकता टाकले. जाहिरातीत एका कुत्र्याच्या डोळ्याचे बिफोर-आफ्टर फोटो होते, आधी पांढरा डोळा मग स्वच्छ काळाभोर, आणि खाली 'शास्त्रीय संशोधनाने सिद्ध'. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की अहो माणसाचा फोटो कुठाय.

हे कुत्र्याचं प्रकरण काय आहे ते नंतर वाचलं. २०१५ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला होता, लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्यांमधला मोतीबिंदू कमी झाला असा. जगभर बातम्या झाल्या. मग लोकांनी ऑपरेशनमध्ये काढलेले माणसाच्या भिंगाचे गाभे त्यात बुडवून पाहिले, त्याच वर्षी त्याचा निकाल छापून आला, काहीही विरघळलं नव्हतं. माझ्या बाटलीत तर लॅनोस्टेरॉल पण नव्हतं, त्यात होतं एन-ॲसिटिलकार्नोसिन, म्हणजे फोटो एकाचा आणि माल दुसऱ्याचा. या दुसऱ्याबद्दल २०१७ साली कॉक्रेनवाल्यांनी, जे असले सगळे अभ्यास गोळा करून चाळतात, त्यांनी शोध घेतला तर त्यांच्या कसोटीला उतरेल असा एकही अभ्यास हाताला लागला नाही. आज असा एकही थेंब नाही ज्याने माणसाचा मोतीबिंदू जातो. ज्याने असं सांगितलं तो विकायला बसलाय.

आणि का जात नाही हे एकदा समजलं की मग अशा जाहिरातींचा रागच येतो. भिंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी आणि बाकी बहुतेक प्रथिनं, क्रिस्टलिन नावाची. ती अशी गच्च आणि नीट रचून बसलेली असतात की प्रकाश आरपार जातो. या भिंगाला रक्तपुरवठा नाही, कारण रक्तवाहिन्या असत्या तर आरपार दिसलंच नसतं. आणि भिंग जुन्या पेशी टाकून देत नाही. कातडी झडते, केस गळतात, रक्तातल्या लाल पेशी चार महिन्यांत बदलतात, पण भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन तुम्ही आईच्या पोटात असताना बनलं ते तुमच्याबरोबरच जाणार. २००८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर यावरून माणसाचं जन्मवर्ष काढून दाखवलं! १९५० आणि ६० च्या दशकात अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता, तो जन्माच्या सुमारास भिंगात जाऊन बसलेला, तसाच्या तसा सापडला. मी हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून होते. म्हणजे माझ्या डोळ्यात माझ्या जन्माच्या वेळची हवा आहे.

तर अशा ५६ वर्षांच्या प्रथिनांना ऊन, साखर, धूर, औषधं असं सगळं सोसून सोसून गुठळ्या होतात. अंड्याचा पातळ पारदर्शक भाग तव्यावर पडला की पांढरा होतो ना, तसं, फक्त फार सावकाश. आता तो पांढरा झालेला भाग वरून दोन थेंब टाकून परत पारदर्शक होईल का?

दुसरी ऑर्डर कॅप्सूलची, आणि इथे मात्र प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही. 'संपूर्ण नेत्रकवच', एकावर एक फ्री. एक बाटली माझी, फुकटची ह्यांची. आमचे हे गेली तीस वर्षं सिगारेट ओढतात, दिवसाला पाकीट, आणि त्यांना वाटलं चला निदान डोळ्यांचं तरी बरं होईल. दोन महिने दोघांनी घेतल्या. एकदा रात्री सहज बाटली हातात होती, लेबलवरची बारीक अक्षरं, जी एरवी कुणीच वाचत नाही, ती मला त्या सेकंड साइटच्या कृपेने चष्म्याशिवाय लख्ख दिसली. ल्युटिन, झिंक, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, आणि बीटा-कॅरोटीन.

बीटा-कॅरोटीन म्हणजे काय म्हणून शोधलं आणि बाटली हातातून पडायची बाकी राहिली. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती, १९९४ साली निकाल आला. आशा होती की बीटा-कॅरोटीनच्या गोळीने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, आणि झाला १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती, ती १९९६ मध्ये अर्ध्यात थांबवली. म्हणजे मी माझ्या हाताने, फुकट मिळालं म्हणून, रोज सकाळी नवऱ्याला ते देत होते. (हे भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटीनबद्दल नाही हं, ते खुशाल खा, हे गोळीतल्या मोठ्या डोसबद्दल आहे.) कस्टमर केअरला चॅटवर विचारलं की सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बाटलीवर इशारा का नाही, तर उत्तर आलं, 'आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे मॅडम, रिझल्ट प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार येतात.' मी तोच प्रश्न तीनदा विचारला, तेच वाक्य तीनदा आलं, मग चॅट बंद झालं.

खरं खोटं दोन्ही सांगायचं तर या फॉर्म्युल्याच्या मागे एक खराखुरा मोठा अभ्यास आहे, एरेड्स नावाचा, अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा. २००१ साली त्यात दिसलं की मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला बिंदू, वयामुळे झिजायला लागलाय आणि आजार मधल्या टप्प्यात आहे अशा लोकांना या गोळ्यांनी आजार पुढच्या टप्प्यात जायचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ज्याला डॉक्टरांनी त्या आजारासाठी दिल्यात त्याने माझा रिव्ह्यू वाचून बंद करू नयेत. पण त्याच अभ्यासात मोतीबिंदूला फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये दुसरा भाग आला, चार हजारांवर लोक, बीटा-कॅरोटीन काढून ल्युटिन आणि झिॲक्सॅन्थिन घातलं, तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं. मग बाटलीवर 'मोतीबिंदूपासून संरक्षण' कुठल्या आधारावर छापलंय? एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

गॉगल. इथे मी दोन घेतले आणि फरक कळला म्हणून सविस्तर लिहिते. पहिला ऑनलाइन, काळाकुट्ट, दिसायला झकास, 'यूव्ही प्रोटेक्शन' असं नुसतं स्टिकर. चष्मेवाल्याकडे यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यात काच धरली तर बऱ्यापैकी यूव्ही आरपार जात होतं. तो म्हणाला यापेक्षा गॉगल न घातलेला बरा, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि दार उघडं टाकल्यासारखं सगळं आत. काचेचा काळेपणा आणि यूव्ही अडवणं यांचा एकमेकांशी संबंधच नाही, अगदी पारदर्शक काचसुद्धा पूर्ण यूव्ही अडवू शकते. पोलराइज्डचं पण तेच, त्याने चमक कमी होते, यूव्हीचं वेगळं बघावं लागतं. लेबलवर 'यूव्ही ४००' हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. दुसरा घेतला तो हलका तपकिरी, कडेने गालापर्यंत वळलेला, दिसायला वेल्डरसारखा, पण यंत्रात काटा हलला नाही.

उन्हाचा आणि मोतीबिंदूचा संबंध उगीच जोडलेला नाही. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांवर अभ्यास झाला होता, १९८८ साली छापून आला, ज्याच्या डोळ्यावर यूव्ही-बी आयुष्यभरात दुप्पट पडलं त्याला भिंगाच्या कडेचा, म्हणजे कॉर्टिकल, मोतीबिंदू व्हायचा धोका १.६ पट. आणि किरण फक्त वरून येत नाहीत, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, कोरडी वाळू साधारण १५ टक्के. म्हणून रुंद काठाची टोपी अधिक गॉगल, दोन्ही. टोपी मी जुनीच वापरतेय, तिला पाच स्टार, गॉगलला चार, एक कापला कारण नाकावर वळ उठतात आणि मुलगी म्हणते आई तू बँक लुटायला निघाल्यासारखी दिसतेस.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा पण घेतला होता, थोडक्यात, नका घेऊ. स्क्रीनमुळे मोतीबिंदू होत नाही, आणि डोळे थकण्यावरही त्या काचांचा खास फायदा दिसत नाही असं २०२३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत आलंय. डोळे थकतात कारण स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिचकावतो. अधूनमधून मान वर करून लांब बघा, फुकट आहे.

मग एकदाची तपासणी. मुलीने अपॉइंटमेंट घेतली आणि मला अक्षरशः नेऊन बसवलं. दवाखान्याचं नाव देत नाही, कारण हा त्यांचा रिव्ह्यू नाही, तपासणीचा आहे, आणि अशी तपासणी कुठलेही नेत्रतज्ज्ञ करतात. आधी तक्त्यावरची अक्षरं, मग डोळ्याचा दाब (साधारण १० ते २१ चालतो, दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो म्हणून मागची नस पण बघतात), मग बाहुली मोठी करायचे थेंब. हे थेंब सांगून ठेवते, थोडे झोंबतात, पुढचे चार-सहा तास जवळचं काही वाचता येत नाही, उजेड सहन होत नाही, गाडी चालवून जाऊ नका. वेटिंग रूममध्ये दीड तास गेला, बसायला जागा कमी, टीव्हीचा आवाज मोठा, आणि समोरचा माहितीफलक वाचावा तर थेंबांमुळे दिसत नाही. एवढी एक तक्रार.

पण आतला अर्धा तास सोन्यासारखा. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, डोळा बघितला आणि पडद्यावर मला माझंच भिंग दाखवलं. मी समजत होते पांढरा ठिपका असेल, तर उजव्या डोळ्यात पिवळट तपकिरी गाभा होता, जुन्या मधासारखा. टॉवेल का मळका दिसत होता ते तिथे कळलं. डाव्या डोळ्यात मात्र वेगळाच, भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मध्यावर, काचेवर श्वास सोडल्यासारखा डाग.

डॉक्टर तो डाग बघून गप्प झाले आणि मग म्हणाले, "स्टिरॉइड घेताय का कुठलं?"

मी म्हटलं नाही हो.

"गोळ्या, इनहेलर, मलम, डोळ्यांचे थेंब? आठवून सांगा."

तर आठवलं. अंगावर ॲलर्जीचं पुरळ उठायचं म्हणून कधीकाळी लिहून दिलेल्या गोळ्या, पाच-सहा वर्षं, पुरळ दिसलं की त्याच जुन्या चिठ्ठीवर आणून चार-आठ दिवस घ्यायचे, छान उतरायचं. ते स्टिरॉइड होतं हे मला माहीतच नव्हतं, मी तर त्याला 'ती पांढरी गोळी' म्हणायचे. मागच्या बाजूचा हा जो मोतीबिंदू असतो, पोस्टेरियर सबकॅप्स्युलर, त्याचं स्टिरॉइडशी अगदी घट्ट नातं आहे, आणि तो बाकीच्यांपेक्षा भराभर वाढतो, भर उन्हात आणि वाचताना जास्त त्रास देतो कारण बाहुली लहान झाली की बरोबर तोच डाग मधे येतो. स्टिरॉइडने डोळ्याचा दाबही वाढू शकतो, म्हणजे काचबिंदूचं भय वेगळंच. डॉक्टरांनी बजावलं की हे ऐकून कुणी दम्याचा पंप किंवा रोजची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, ज्यांनी दिली त्यांना विचारून डोस ठरवायचा, पण वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. माझ्या बाबतीत मात्र ती गोळी कुणी चालू ठेवलीच नव्हती, मीच ठेवली होती.

सहा महिने थेंब, कॅप्सूल, काचा यांच्या मागे धावले, आणि खरा चोर औषधांच्या डब्यात.

साखरेचं पण तिथेच निघालं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबऱ्यावर, ६.५ पासून आत. त्यांनी जे समजावलं ते मला फार पटलं. ही तपासणी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींवर साखर किती चिकटली ते मोजणं, आणि त्या पेशी साधारण १२० दिवसांनी बदलतात म्हणून रिपोर्ट मागच्या तीन महिन्यांचा. भिंगातल्या प्रथिनांनाही साखर तशीच चिकटते पण ती प्रथिनं बदलत नाहीत, म्हणजे तिथे सगळी जमा आयुष्यभराची. मी जन्म अकाउंट्समध्ये काढलाय, मला हे एका वाक्यात कळलं. वर साखर जास्त झाली की भिंगात तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. म्हणून साखर वरखाली होत असताना नवा चष्मा करू नये, आधी साखर स्थिर होऊ द्यावी. इंग्लंडमध्ये डायबिटीसवर वर्षानुवर्षं चाललेला एक प्रचंड अभ्यास आहे, यूकेपीडीएस, त्यात एचबीए१सी एक टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये मोतीबिंदूची ऑपरेशनं १९ टक्के कमी होती, आणि डोळ्यांचा पडदा, किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार ३७ टक्के कमी.

म्हणून मग ग्लुकोमीटर. मशीन चांगलं आहे, चार स्टार, पण एक किस्सा. पहिल्याच दिवशी आकडा आला १९२ आणि मी रडायच्या बेतात. मुलगी म्हणाली आई तू आत्ता संत्रं सोललंस ना, हात धुऊन ये. साबणाने धुतले, पुसून कोरडे केले, दुसरं बोट, ११६. बोटावर फळाचा रस असला तरी मशीन त्यालाच रक्तातली साखर समजतं. सूचनापत्रकात हे लिहिलेलं होतं, सतराव्या पानावर.

बीपीचं मशीन मनगटावरचं घेतलं होतं ते परत केलं, दर वेळी वेगळंच काही सांगायचं. दंडावरचं घ्या, आणि पट्टा दंडाच्या मापाचा बघून घ्या, घट्ट पट्टा आकडा वाढवून दाखवतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकवलेला, आणि मोजताना बोलायचं नाही. आमचे हे मोजताना राजकारणावर बोलतात आणि मग म्हणतात मशीन खराब आहे. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची, ती १३५/८५ किंवा वर असली तर डॉक्टरांकडे. ह्यांची १४८ निघाली. त्यांना काहीच होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं ना चक्कर, आणि बीपीचं असंच असतं, काचबिंदूचंही, साखरेचंही. मोतीबिंदू त्या मानाने प्रामाणिक, निदान धुरकट दिसून कळवतो तरी.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी जी यादी सांगितली तीच हृदयवाल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितली, शब्द न शब्द. सिगारेट सोडा, साखर सांभाळा, बीपी बघा, वजन थोडं उतरवा, चाला. चालण्याबद्दल मी नाक मुरडणार होते, पण २००२ साली अमेरिकेत डायबिटीसच्या उंबऱ्यावरच्या लोकांवर, म्हणजे माझ्यासारख्यांवरच, चाचणी झाली होती, आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि सात टक्के वजन कमी, एवढ्यावर डायबिटीस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांमध्ये ३१. मी रोज पंचवीस मिनिटं चालते, रविवारी दांडी. काल परवाचा रिपोर्ट ५.८ आहे. मोतीबिंदू यामुळे मागे जाणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, झालेलं झालं, पुढचं सावकाश होईल एवढीच आशा, आणि वयाचा भाग कुणाला चुकत नाही.

ऑपरेशनबद्दल विचारलं, कारण माझ्या डोक्यात आजीच्या काळातलं 'पिकू दे मग काढू' होतं. डॉक्टर म्हणाले ते दिवस गेले, उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढायला अवघड जातो. नंबर किती यापेक्षा तुमची रोजची कामं अडतात का हे बघून ठरवायचं. दोन-तीन मिलिमीटरची चीर, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घ्यायचं, भिंगाची बाहेरची पिशवी तिथेच ठेवायची आणि तिच्यात घडी घातलेलं नवं भिंग सोडायचं, ते आत उलगडतं. अल्ट्रासाउंडने भिंग फोडायचं हे तंत्र १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी आणलं आणि त्यांना ती कल्पना म्हणे दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करायचं यंत्र बघून सुचली. आणि डोळ्यात भिंग बसवायचं धाडस त्याआधी, १९४९ च्या नोव्हेंबरात, लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी केलं होतं, युद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्यांच्या ॲक्रिलिकच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा त्या सहन करतो हे बघून. एक सूचना कामाची, घरात कुणी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असेल किंवा पूर्वी घेतलेलं असेल तर ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि त्यांना तयारी ठेवावी लागते.

माझा डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचं ठरलंय, तो डाग काही थांबायला तयार नाही. उजवा अजून वर्षभर चालेल म्हणाले. रात्रीचं ड्रायव्हिंग बंद केलंय.

सिगारेटचं राहिलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांवरच १९९२ साली छापून आलेला अभ्यास आहे, दिवसाला वीस किंवा जास्त ओढणाऱ्यांना मोतीबिंदूचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त. मी तो ह्यांना वाचून दाखवला, काही परिणाम नाही. फुप्फुसाचं सांगितलं, नाही. हृदयाचं सांगितलं, नाही. मग एक दिवस शर्टाचं बटण परत तुटलं, मी सुई-दोरा त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं ओवा. चष्मा न लावता पहिल्या झटक्यात ओवला त्यांनी, आणि ऐटीत माझ्याकडे बघायला लागले, आणि मग हळूहळू चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले माझीपण अपॉइंटमेंट घे.

पाच आठवडे झाले, पाकीट बंद आहे. निकोटिनचे च्युइंगगम चालू आहेत, चव पुठ्ठ्यासारखी असं त्यांचं म्हणणं, त्याचा रिव्ह्यू ते स्वतः लिहिणार आहेत, अजून स्टार ठरायचेत.

कॅप्सूलची सीलबंद उरलेली बाटली परत घ्यायला कंपनी तयार नाही. कुणी मागितली तर देणार नाही.